कुवेतचा बॉम्ब आणि हुदाचं खोकं

कुमार : ...आणि म्हणून मी या सभेला, नव्हे, उभ्या जगाला निक्षून बजावतो, की बलाढ्य मित्राच्या भरवशावर झोपणारं लहान राष्ट्र हे राष्ट्रच नव्हे! ज्याच्या घरात स्वतःचा अणुबॉम्ब नाही, त्याच्या घराला दार नाही! दार असलं तर कडी नाही! आणि कडी असली तर—

हुदा : काका, उठा. तुम्ही पापडांवर बसलायत.

कुमार : आं?

हुदा : ते खोकं आहे. माझं, कुवेतला न्यायचं. वरच पोह्याचे पापड आहेत, आणि त्यांच्यावर तुम्ही.

कुमार : मला वाटलं बसायला ठेवलंय. भाषण रंगात आल्यावर खाली कोण बघतं?

अब्दुल्ला : बसू दे गं त्याला. सकाळपासून खोक्याची तोंडं मिटत नव्हती, ती मिटली. साठ वर्षांत ह्याच्या बसण्याचा पहिल्यांदा कुणाला फायदा झाला.

हुदा : मिटली ना? मग बांधा आता, अब्बा. जगन चारला गाडी घेऊन येतोय. वाशीच्या पुलावर अडकलो तर विमान मला टाटा करून जाईल.

अब्दुल्ला : बांधतो.

हुदा : सकाळपासून 'बांधतो'च चाललंय. मी बांधलं होतं, ते तुम्ही सोडलंत. मग तुम्ही स्वतः बांधलंत, आणि जेवून हात धुतल्यावर स्वतःच सोडलंत.

अब्दुल्ला : गाठ बाजूला आली होती. गाठ बरोब्बर मधे, वर पाहिजे. विमानतळावरचा लोडर गाठीला धरून उचलतो. गाठ बाजूला तर खोकं तिरकं, खोकं तिरकं तर लोणचं तिरकं. चौदा वर्षं कुवेतमधे स्टोअरकीपर होतो मी, बेटा. उगाच नाही.

कुमार : अगदी! आणि म्हणूनच मी आज तुझ्याकडे आलो. अब्दुल्ला, तू म्हणजे जिवंत पुरावा आहेस.

अब्दुल्ला : कशाचा?

कुमार : हेच, की कुवेतकडे बॉम्ब असायला हवा होता. रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर वादविवाद आहे. विषय : 'लहान मित्रराष्ट्राने स्वतःची अण्वस्त्रे बाळगावीत काय?' खरं तर या महिन्यात 'गुडघेदुखी आणि आपण' ठरला होता. पण मे महिन्यात आपण पोखरणला बॉम्ब फोडले, मग पाकिस्ताननं चगाईला फोडले, आता गुडघ्याला कोण विचारतो! बाजू चिठ्ठी काढून ठरते. मला 'बाळगावीत' आलं, तुळशीरामला 'बाळगू नयेत'.

अब्दुल्ला : तुळशीराम जिंकणार.

कुमार : का म्हणून?

अब्दुल्ला : तो दोन मिनिटांत खाली बसतो. त्याच्यानंतर चहा असतो. लोक टाळ्या चहासाठी वाजवतात, पण पडतात त्याच्या नावावर.

कुमार : ह्या वेळी नाही. ह्या वेळी माझ्याकडे कुवेत आहे. चिमुकला देश, पैसा उदंड, मित्र अमेरिकेएवढा. आणि नव्वद साली काय झालं? शेजारी रात्रीत आत! आणि मित्र कुठे होता?

अब्दुल्ला : झोपला होता. तिकडे रात्र होती ना तेव्हा.

हुदा : अब्बा, सुतळी.

अब्दुल्ला : थांब गं. कुमार बरोबर बोलतोय. सकाळी मी खाली पाव आणायला उतरलो. रोजच्यासारखा, लुंगीवर. बेकरीच्या दारात रणगाडा उभा. मला वाटलं सरकारी काम काढलं असेल, नळाबिळाचं. रणगाड्यावरच्या पोरानं माझ्याकडे सिगरेट मागितली. मी दिली. कुवेतवर हल्ला झाला हे मला काडी पेटवताना कळलं.

कुमार : वा! 'काडी पेटवताना कळलं.' हे घेतो मी भाषणात.

अब्दुल्ला : आमचा मालक, अबू फहद, उन्हाळ्याचा लंडनला. अर्धा देशच उन्हाळ्याचा बाहेर असतो. देश सांभाळायला कोण होतं? आम्ही. मलबारी, बंगाली, पनवेलवाले. आणि तो मित्र. आला, नाही असं नाही. पण सात महिन्यांनी आला. तोवर मी बसऱ्यावरून बगदाद, बगदादवरून अम्मान, तिथे तंबूत, मग विमान, मग मुंबई, मग एसटीनं पनवेल. दारात उभा राहिलो. ह्या हुदानं दार उघडलं. दहावीला होती. मला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

हुदा : अब्बा, किती वेळा सांगायचं तेच?

अब्दुल्ला : मित्र आधी आला असता तर तू विचारलं नसतंस.

कुमार : किंवा घरचा बॉम्ब असता तर! शेजाऱ्याची छातीच झाली नसती. सिद्ध झालं. अब्दुल्ला, जोवर कुवेतकडे स्वतःचा बॉम्ब नाही, तोवर शहाण्या बापानं आपली मुलगी तिथे—

हुदा : काका!

कुमार : —तिथे... म्हणजे... पाठवताना डब्यात पापड नीट भरावेत.

हुदा : अब्बा, ही सुतळी पुरणार नाही. आत पलंगाखाली दुसरी रीळ आहे, ती आणता?

अब्दुल्ला : आणतो. कुमार, तू उठू नकोस हां. तोंडं परत उघडतील.

(अब्दुल्ला सुतळी आणायला आत जातो.)

हुदा : काका, मी तुम्हाला कशाला बोलावलं होतं?

कुमार : तुझ्या बापाला समजवायला.

हुदा : काय समजवायला?

कुमार : की कुवेतला आता भीती नाही.

हुदा : आणि तुम्ही काय सांगताय? घराला कडी नाही!

कुमार : अगं, पण चिठ्ठी 'बाळगावीत'ची आली ना! पंधरा दिवस तीच घोकतोय. तोंड उघडलं की तेच बाहेर पडतं. परवा भाजीवालीला सांगितलं, स्वसंरक्षण हा छोट्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे. तिनं कोथिंबीर फुकट दिली.

हुदा : काका, हसू नका. फेब्रुवारीत माझं तिकीट अब्बांनीच रद्द करायला लावलं. का, तर टीव्हीवर दाखवलं की अमेरिकेची जहाजं गोळा होतायत, आता बॉम्ब पडणार. नाही पडला. आता व्हिसाची मुदत ह्या आठवड्यात संपते. आज नाही गेले तर पुन्हा पहिल्यापासून. लग्नाला दोन वर्षं झाली. त्यात अब्रार आणि मी एकत्र किती राहिलो? एक सुट्टी. त्यानं तिकडे खोली घेतलीय, फ्रिज घेतलाय. काय ठेवतो त्यात, विचारा.

कुमार : काय?

हुदा : पाण्याच्या बाटल्या. आणि एक लिंबू. फोनवर सांगतो, लिंबू अजून आहे.

कुमार : अरेरे.

हुदा : अब्बा 'नको' म्हणत नाहीत. नको म्हणाले असते तर भांडले असते. 'जा' पण म्हणत नाहीत. नुसतं बांधतात आणि सोडतात. असं पाऊल उचलत नाही हो, काका. अम्मीसुद्धा सकाळपासून आत सुकट भाजतेय. तिकडच्या आख्ख्या फरवानिया वस्तीला पुरेल एवढी.

कुमार : अगं, सांगेल तो. जुना माणूस आहे.

हुदा : आणि त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही.

कुमार : म्हणजे?

हुदा : आमच्याकडे कुणी बाहेर निघालं की प्रत्येकानं काहीतरी मागायचं. मागायचंच. दादी म्हणायची, ज्याच्याकडे काही मागितलंय त्याला आणून द्यायला यावं लागतं. अब्बा पहिल्यांदा निघाले तेव्हा तिनं सुई मागितली होती. पनवेलच्या बाजारात सुया मिळत नव्हत्या का? माझ्याकडे सगळ्यांनी मागितलं. अम्मीनं कंबल. आसिया फुप्पूनं अत्तर. तुम्हीसुद्धा मागितलंत.

कुमार : सहा सेलची बॅटरी. आमच्याकडे दिवे फार जातात.

हुदा : अब्बांनी नाही. आले ते. काका, आता दुसऱ्या बाजूनं बोला. प्लीज. तुळशीराम व्हा.

कुमार : तुळशीराम? मी?

अब्दुल्ला : मिळाली. पलंगाखाली नव्हती, तिजोरीवर होती. तुम्ही दोघं एवढे गप्प का?

कुमार : मी चिंतन करत होतो. अब्दुल्ला, नीट विचार केला असता असं दिसतं, की लहान राष्ट्रानं बॉम्ब बाळगणं हे सर्वथा घातक आहे.

अब्दुल्ला : आं?

कुमार : सर्वथा! लहान राष्ट्राची खरी ताकद मैत्रीत. एकदा स्वतःचा बॉम्ब केला की मित्र म्हणतो, बरंय, आता तुझं तू बघ. मैत्री संपली. आणि आजचं कुवेत बघ. आज तिथे मित्राचे सैनिक, मित्राची विमानं. करार झालेत, कागदावर सह्या आहेत. आज तिथे मुलगी पाठवायची म्हणजे जणू... जणू न्यू पनवेलहून जुन्या पनवेलला पाठवायची.

अब्दुल्ला : मी सुतळी आणायला आत गेलो तेवढ्यात तू पक्ष बदललास? निवडणुकीला उभा का नाही राहिलास रे कधी?

कुमार : दोन्ही बाजूंचा अभ्यास लागतो वक्त्याला.

अब्दुल्ला : हिनं शिकवलं.

हुदा : मी काही नाही शिकवलं.

अब्दुल्ला : दोघांचे कान लाल झालेत. कुमार, शाळेत माझं गणित बघून लिहायचास तेव्हा पण असेच व्हायचे. ऐक. भाषण तू पाठ केलंस, स्टोअर मी सांभाळलं. मी सांगतो बॉम्बचं.

कुमार : सांग. पण हळू, लिहून घेतो. पेन आहे का गं, हुदा?

हुदा : पेन नाही, काका. ऐका नुसतं.

अब्दुल्ला : धर, कुवेतनं बॉम्ब आणला. पैसा आहे, आणतील. पहिला सवाल, ठेवायचा कुठे? स्टोअरमधे. स्टोअरची चावी कुणाकडे? शेखकडे? शेख स्वतःच्या मोटारीची चावी ठेवत नाही, ती ड्रायव्हरकडे. घराची चावी बंगाल्याकडे. बँकेची मलबाऱ्याकडे. मग बॉम्बची कुणाकडे असणार?

कुमार : तुझ्याकडे!

अब्दुल्ला : माझ्याकडे. नाहीतर उरणच्या कुणा माणसाकडे. बॉम्ब, एक नग. चांगल्या हालतीत. धूळ झटकायची ऑर्डर महिन्यातून एकदा. आणि मग तो दिवस. मी पाव आणायला खाली, लुंगीवर. रणगाडा दारात. आता मी काय करायचं? मालक लंडनला. फोन लागत नाही. चावी माझ्या खिशात. दाबू की नको दाबू?

हुदा : काय केलं असतंत, अब्बा?

अब्दुल्ला : जे केलं तेच. कुलूप नीट लागलंय का दोनदा ओढून बघितलं असतं आणि घरी आलो असतो. ही बघ चावी, अजून आहे. ह्या नेलकटरच्या कडीत अडकवलीय. नव्वदला माझ्याबरोबर एवढंच परत आलं, चावी आणि नेलकटर. अबू फहदला मी नंतर निरोप पाठवला, चावी आहे म्हणून. तो म्हणाला, राहू दे, दार गेलं.

कुमार : दार गेलं?

अब्दुल्ला : दार, फॅन, काउंटर, संडासाची सीट. सगळं ट्रकमधे घालून नेलं त्या लोकांनी. बॉम्ब असता तर तोही त्याच ट्रकमधे गेला असता, सीटच्या शेजारी. मग बॉम्ब कुवेतचा राहिला का? ज्याला घाबरवायला आणला त्याच्याच घरात बसला असता.

कुमार : हा मुद्दा तुळशीरामला मिळता कामा नये.

अब्दुल्ला : आणि धर, दाबला. टाकायचा कुठे? बसऱ्यावर. इथून पुणं जेवढं तेवढंच तिथून बसरा. आणि वारा तिकडून इकडे. खंडाळ्याला काडी लावायची आणि पनवेलला खिडक्या उघड्या ठेवून झोपायचं, असं काम. लहान देशाला बॉम्ब टाकायला जागाच नसते रे. मोठ्यांचं बरं असतं. त्यांचे दुश्मन लांब राहतात.

हुदा : मग झालं तर! बॉम्ब नको. हे तुम्हीच म्हणालात.

अब्दुल्ला : म्हणालो. पण मित्र सात महिन्यांनी येतो, हेही मीच म्हणालो. ते सात महिने कुणाचे? मित्राचे नाहीत. मालकाचे नाहीत, तो लंडनला. ते सात महिने ज्याच्या खिशात चावी आहे त्याचे. मला रात्री झोप येत नाही ती ह्याची, हुदा. बॉम्ब असला तरी भीती, नसला तरी भीती. मित्र असला तरी भीती. मग मी तुला कशाच्या भरवशावर पाठवू?

कुमार : माझ्या बायकोनं, सुनीतानंही हेच विचारलं. आपल्याकडे बॉम्ब आला, मी पेढे आणले, आणि तिनं त्याच दिवशी दहा किलो साबुदाणा भरला. मी म्हटलं, अगं, आता आपण बलवान झालो. ती म्हणाली, म्हणूनच. युद्ध झालं तर उपास तरी धड करता येतील.

अब्दुल्ला : पेढ्यांवरून सांगतो. आपला फुटला त्या दिवशी चार लोकांनी माझ्या बॅगांच्या दुकानात येऊन मला पेढा दिला. मी खाल्ला. चांगला होता. पंधरवड्यानं त्यांचा फुटला. तर तेच चार लोक दुकानासमोरून हळू चालायला लागले. मी पेढे वाटतोय का ते बघायला.

कुमार : मी नाही हो हळू चाललो.

अब्दुल्ला : तू गुडघ्यामुळे नेहमीच हळू चालतोस. तुझं काही कळत नाही. पण बॉम्बचं पहिलं काम हे. दुश्मन घाबरतो की नाही, खुदा जाणे. शेजाऱ्याची चाल मात्र बदलते.

हुदा : अब्बा, एक विचारू? पनवेल-उरणमधली अर्धी माणसं तुमच्या दुकानातली बॅग घेऊन आखाताला गेली. बरोबर? विकताना कधी विचारलंत, जातोयस तिथे बॉम्ब आहे का? मित्र किती दिवसांनी येतो?

अब्दुल्ला : चेन नीट लागते का एवढं दाखवतो.

हुदा : मग मलाच का?

अब्दुल्ला : त्यांना मी बॅग देतो. तुला... जाऊ दे.

हुदा : नाही, जाऊ नका देऊ. आता माझं ऐका. तुम्ही दोघांनी तासभर कुवेतचा बॉम्ब केला, ठेवला, चोरीला घालवला. पण कुवेतकडे बॉम्ब नाहीये, अब्बा. बॉम्ब आहे इथे. आपल्याकडे. आणि त्यांच्याकडे. त्यांनी टाकायचा ठरवला तर कुठे टाकतील? मुंबईवर. मुंबई कुठे आहे? खाडीपलीकडे. तुम्हीच सांगा, आता भीतीची जागा कुठली? तुम्ही मला बॉम्बकडे नाही पाठवत. बॉम्बपासून लांब पाठवताय!

कुमार : अरे देवा.

अब्दुल्ला : कुमार, ह्याला उत्तर?

कुमार : नाही. दोन्ही बाजूंनी नाही. हुदा, रविवारी तू इथे असतीस तर मी माझी चिठ्ठी तुला दिली असती.

अब्दुल्ला : म्हणजे तू मजेत तिकडे जाणार आणि आम्ही इथे बॉम्बवर बसणार?

हुदा : काकांनी पापडांवर बसून सराव केलाय.

कुमार : सराव नाही, पाठ धरलीय. उठू का रे आता?

अब्दुल्ला : बस. अजून बांधलं नाहीये.

हुदा : अब्बा. मी दहावीला होते. तुम्ही निम्मे झाला होतात. दाढी इथपर्यंत. शर्ट दुसऱ्या कुणाचा तरी. त्यावर 'अम्मान वॉटर वर्क्स' की काय लिहिलेलं. मी घाबरले. मला वाटलं, कुणी निरोप घेऊन आलंय तुमचा. वाईट निरोप. म्हणून विचारलं, कोण पाहिजे.

अब्दुल्ला : हे कधी सांगितलं नाहीस.

हुदा : तुम्ही नेहमी हसवायला सांगता ते. मधे कसं बोलणार?

अब्दुल्ला : मला वाटायचं, चेहरा विसरली. चौदा वर्षं सुट्टीला यायचो, तेवढ्यात कितीसा चेहरा बसतो पोरीच्या डोक्यात.

हुदा : हाताची घडी घालून मान कलती करून उभे राहिलात, आणि म्हणालात, "ह्या घरचा स्टोअरकीपर." मग ओळखलं. त्याच्या आधी नाही, हे खरं.

कुमार : मला धूळ गेली डोळ्यात. ह्या खोक्यातून येतेय.

हुदा : हॉर्न वाजतोय. जगन आला. अम्मी म्हणतेय, त्याला चहा द्यायचा का नको. अम्मी, दे! अब्बा, आता सांगा. जा म्हणा, मी गाडीत बसते. नको म्हणा, मी खोकं परत सोडते आणि सुकट कुमारकाकांना देते.

कुमार : मी सुकट खात नाही, बाई. सुनीता घराबाहेर काढेल. बॉम्बपेक्षा वाईट.

अब्दुल्ला : कुमार, ऊठ.

कुमार : उठू? तोंडं उघडतील.

अब्दुल्ला : उघडू देत. मी धरतो. हुदा, सुतळी खालून घे. दोनदा उभी. आता आडवी. पापडांवर नको, इकडे. ओढ. अजून ओढ. तुझ्या आईनं सुकट भरलीय का दगड? कुमार, तू काही करू नकोस, नुसता बाजूला उभा राहा, मित्रराष्ट्रासारखा.

कुमार : मी मदत करतो. बोट ठेवू का गाठीवर?

अब्दुल्ला : नको. गेल्या ईदेला बकऱ्याच्या दोरीत बोट अडकवून घेतलं होतंस. हुदा, तू ठेव. इथे. मधोमध. हलवू नकोस. आता हळूच काढ. काढ. बसली.

हुदा : घट्ट आहे?

अब्दुल्ला : ही आता जेद्दापर्यंत सुटत नाही. कुवेत तर अलीकडेच आहे.

हुदा : टोक लोंबतंय. कात्री कुठाय?

अब्दुल्ला : कात्री तू खोक्यात भरलीस. तळाला.

हुदा : अय्यो!

अब्दुल्ला : आता सोडायचं नाही. थांब, नेलकटर आहे. ...नुसता चावतोय, कापत नाही. अठ्ठ्याऐंशीचा आहे, दात संपले त्याचे.

कुमार : माझ्या दातांनी बघू का?

अब्दुल्ला : तुझे त्याच्याही आधीचे आहेत. राहू दे लोंबतं. हुदा, ओळखायला बरं. पट्ट्यावर शंभर खोकी येतात, ज्याचं टोक लोंबतं ते आपलं.

कुमार : अब्दुल्ला, एवढं सांग, रविवारी मी काय बोलू? बाळगावीत की बाळगू नयेत?

अब्दुल्ला : दोन मिनिटं बोल आणि खाली बस. पण खुर्ची बघून.

हुदा : अब्बा, जगन परत हॉर्न मारतोय. म्हणतोय, कळंबोलीला आत्ताच गर्दी सुरू झालीय. मी... मी निघू का?

अब्दुल्ला : अब्रारला सांग, लिंबू फेकून दे आता.

हुदा : तुम्हाला कसं कळलं लिंबाचं?

अब्दुल्ला : सुतळी तिजोरीवर होती, बेटा. शोधायला एवढा वेळ लागत नाही. जा, अम्मीला भेट. रडली तर रडू दे तिला, मधे बोलू नकोस. आणि हुदा.

हुदा : हां, अब्बा.

अब्दुल्ला : तिथे, फरवानियाच्या बाजारात, तो मोठा नेलकटर मिळतो. पायाच्या नखांचा. येताना एक घेऊन ये.